आजोबांची पदकं नातवानं लावली, तर गुन्हा होतो का?

प्रश्न : माझे दिवंगत आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९७१ चं युद्ध लढले. १५ ऑगस्टला शाळेच्या झेंडावंदनाला मी त्यांची पदकं डाव्या छातीवर लावून गेलो. पट्टी भरलेली दिसावी म्हणून जुन्या बाजारातून घेतलेलं एक सेना मेडलही त्यात लावलं. गावातले निवृत्त सुभेदार आता पोलिसांत तक्रार करणार म्हणतात. मी पोलीस भरतीची तयारी करतोय. काय होईल?

उत्तर : आधी घाबरणं सोडा. तक्रार झालीच तर भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ पुढे येईल. जुन्या दंड संहितेत ते १४० होतं. सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावं म्हणून सैनिकासारखा पोशाख घालणं किंवा तसं चिन्ह बाळगणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र.

सगळी मदार हेतूवर आहे. जे गाव तुम्हाला लहानपणापासून ओळखतं, तिथं तुम्ही जवान म्हणून मिरवायला निघाला होतात हे सिद्ध करणं कठीण. आजोबांच्या पदकांची मला काळजी नाही. फक्त वारसानं पदकं उजव्या छातीवर लावायची असतात. डावी बाजू ज्यानं ती कमावली त्याची. हा रिवाज चुकला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही, पण फौजी माणसाला ते खुपतं, आणि खुपायलाच हवं.

सेना मेडल मात्र ताबडतोब काढा. ते शौर्यासाठी किंवा असामान्य कर्तव्यनिष्ठेसाठी मिळतं आणि तुमच्या आजोबांना ते मिळालेलं नव्हतं. त्याच्या जोरावर कुणाकडून पैसे किंवा सवलत उकळली असती, तर कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा लागला असता आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत गेली असती. तसं काही तुम्ही केलेलं नाही.

वकिलाआधी सुभेदारांकडे जा. आजोबांचं डिस्चार्ज बुक सोबत न्या, त्यात त्यांच्या पदकांची नोंद असते. सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. जादा पदक कुठून आलं तेही स्वतःच सांगा. एवढं करूनही एफआयआर झालाच, तर भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो लपवू नका. या गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीनंच नोकरी जाण्याची भीती जास्त.

आणि ते विकत घेतलेलं पदक भिंगाखाली धरून कड तपासा. खऱ्या पदकावर बहुधा सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. तसं काही दिसलं, तर ते सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि पोच घ्या. ते कुणाच्या तरी घरचं आहे.