ड्युटीवर असताना वारलेल्या पोलीस हवालदाराचा गावातर्फे सन्मान कसा करावा? पुतळा बसवावा की कमान?

पुतळाही नको आणि कमानही नको. निदान आधी नको. आधी त्या हवालदारांच्या बायकोला विचारा. तुम्ही एवढा सविस्तर प्रश्न लिहिलात: वर्षश्राद्धाला कार्यक्रम करायचा आहे, पाहुणे कोण बोलवावेत, पुतळ्याला परवानगी कुणाची लागते, कमानीला खर्च किती येतो. पण त्या बाईंचा आणि मुलांचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नाही. तो असता तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते.

परवानगीचं थोडक्यात सांगते. पुतळा कुणाचाही असो, प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, नुसता ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही. शिवाय सार्वजनिक रस्ता, फूटपाथ, रस्त्याची कड अशा ठिकाणी पुतळा किंवा बांधकाम उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये, असा सुप्रीम कोर्टाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे. त्यामुळे भर चौकातला पुतळा विसरा. कमान फाट्यावर घालायची म्हणाल तर फाटा हायवेला लागून असला की ती जागा ग्रामपंचायतीची नसतेच. खर्चाचं मला माहीत नाही, ते गवंड्याला विचारा.

आता जे सांगायचंय ते.

माझा धाकटा भाऊ रायगड पोलिसांत हवालदार होता. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, खाडीकाठी. गणपतीला मुंबईहून गाड्यांची रांग सुटली की अख्ख्या जिल्ह्यातले पोलीस मुंबई-गोवा हायवेवर ओढले जातात. कोण कुठल्या ठाण्याचा हे तेव्हा बघत नाहीत. चतुर्थीच्या आदल्या रात्री तो कशेडी घाटात बंदोबस्ताला होता. बोगदा सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट, सगळी वाहतूक घाटातूनच चालायची. पाऊस धो धो. एका वळणावर मुंबईच्या एका कुटुंबाची गाडी बंद पडली. त्याने आधी बायामुलांना खाली उतरवलं आणि डोंगराच्या बाजूला, गटारापलीकडे उभं केलं. मग लाल बॅटरी घेऊन वळणाच्या वरच्या अंगाला गेला, मागून येणाऱ्या गाड्या थांबवायला. उतारावरून आलेल्या एका ट्रकचे ब्रेक लागले नाहीत.

हे सगळं मला कळलं ते त्या गाडीतल्या बाईंनी पोलिसांना दिलेल्या जबाबातून. वहिनीने त्याची नक्कल मागून घेतली होती. त्यात त्या बाईंनी म्हटलं होतं की, साहेबांनी आम्हाला गटाराच्या पलीकडे जायला लावलं आणि मुलांचे हात सोडू नका असं सांगून ते वर गेले. भावाबद्दल आजवर जेवढं बोललं गेलं, छापलं गेलं, त्यात खरं आणि पुरेसं मला हे एवढंच वाटतं.

घरात मखर अर्धं बांधून झालं होतं. भावकीला सुतक आलं, त्यामुळे आमच्या वाडीतल्या घरांनी त्या वर्षी गणपती साखरचौथीला, म्हणजे भाद्रपदातल्या संकष्टीला आणले. आमच्या घरी आणलाच नाही. अंत्यविधीला खात्याने सलामी दिली, हवेत फैरी झाडल्या, सगळं रीतसर झालं. खात्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. काही महिन्यांनी आमच्या मुंबईकर मंडळाची परळला सभा झाली. वर्षश्राद्धाच्या दिवशी फाट्यावर भावाच्या नावाची कमान उभी करायची, असं तिथे ठरलं. आम्हाला कळलं ते फ्लेक्सचा नमुना मोबाईलवर आला तेव्हा. वर नेत्यांचे फोटो, खाली देणगीदारांची नावं, एका कोपऱ्यात भाऊ. आणि त्याच्या नावाआधी लिहिलेलं, 'शहीद पोलीस इन्स्पेक्टर'.

वहिनी तशी बोलणारी नाही. तिने तो फोटो मोठा करून पाहिला आणि मंडळातल्या आमच्या चुलतभावाला फोन लावला. "भावोजी, हे हवालदार होते. हवालदारच लिहा." पलीकडून उत्तर आलं, "हवालदार लिहिलं तर वजन पडत नाही वहिनी."

मी मग गावातल्या बैठकीत उठले आणि विचारलं, घरच्यांना न विचारता हे ठरवलं कुणी? तेव्हा त्या चुलतभावाने सगळ्यांसमोर जे म्हटलं ते मी विसरणार नाही. "शेवटी अपघातच ना? तुकाराम ओंबळ्यांसारखं काही केलं असतं तर सरकारनेच स्मारक बांधलं असतं. गाव करतंय तर करू द्या." वहिनी तिथेच बसली होती. आई बसली होती.

कमान झाली नाही. वहिनीने फोटो द्यायलाच नकार दिला आणि जमलेले पैसे पुढे देवळाच्या सभामंडपाला लागले. आजही गावात असं बोलतात की सख्ख्या बहिणीनेच भावाचं स्मारक अडवलं. हो, अडवलं. चुकीचा हुद्दा लिहिलेलं, घरच्यांना न विचारता ठरवलेलं स्मारक मी पुन्हाही अडवीन.

आणि ओंबळ्यांचं नाव काढलंच आहे तर त्याचंही उत्तर देते, कारण त्या बैठकीत मला ते सुचलं नव्हतं. तुकाराम ओंबळे साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. सैन्यातली नोकरी संपवून पोलिसांत आलेले. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ते गिरगाव चौपाटीला नाकाबंदीवर होते आणि त्यांच्या हातात लाठी होती. समोर आलेल्या गाडीतल्या कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि त्यामुळे कसाब जिवंत हाती लागला. 2009 च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या कोळी या कीटकाच्या (स्पायडरच्या) एका नव्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये त्यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी. त्यांच्या शौर्याशी माझ्या भावाची बरोबरी मी कधीच केली नाही, करणारही नाही. शौर्यपदक शौर्यालाच मिळावं.

पण ती गाडी येईपर्यंत ओंबळे तिथे काय करत होते? रस्त्यावर उभे राहून येणारी वाहनं थांबवत होते. माझा भाऊ तेच करत होता. कुठल्या गाडीतून काय येतंय हे नाकाबंदीला उभं राहणाऱ्याला माहीत नसतं, तरी तो उभा राहतो. तिथे उभं राहायला त्याला खात्याने पाठवलेलं असतं, तो फिरायला गेलेला नसतो. म्हणून 'अपघातच ना' हे वाक्य मला मान्य नाही. ट्रकवाल्याच्या बाजूने तो अपघात होता. माझ्या भावाच्या बाजूने ती ड्युटी होती.

पोलीस स्मृतिदिन ज्या घटनेवरून पाळतात तीच बघा. 21 ऑक्टोबर 1959, लडाखमधलं हॉट स्प्रिंग्ज. आदल्या दिवशी टेहळणीला गेलेल्यांपैकी काही जण परत आले नव्हते. करमसिंग या अधिकाऱ्याच्या हाताखाली बाकीचे त्यांना शोधायला निघाले. डोंगरावरून चिनी सैन्याने गोळीबार केला आणि 10 पोलीस गेले. त्यांचे मृतदेह परत मिळायला 13 नोव्हेंबर उजाडला. ती माणसं लढाईला निघाली नव्हती, हरवलेल्या सोबत्यांना शोधायला निघाली होती. अख्ख्या देशातलं पोलीस खातं दरवर्षी त्यांच्यासाठी उभं राहतं.

त्या दिवशी प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्यालयात परेड असते आणि वर्षभरात देशभर गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. भाऊ गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात आम्ही अलिबागला गेलो होतो. आई पहिल्या रांगेत बसलेली. नावं वाचून झाली, त्यात भावाचं नाव आलं नाही. आई काही बोलली नाही, पण मला घाम फुटला. नंतर तिथल्या एका अधिकाऱ्यांनी समजावून सांगितलं की ही यादी 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट अशी धरतात. सप्टेंबरात गेलेल्याचं नाव पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात येतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आईचा तो दिवस तसा गेला नसता. म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्या गावचे हवालदार कुठल्या महिन्यात गेले ते बघा आणि नाव पाठवलं आहे का हे जिल्हा मुख्यालयात जाऊन विचारा. आपोआप होईल म्हणून घरी बसू नका.

पुढच्या वर्षी नाव वाचलं. शोकशस्त्र झालं, म्हणजे बंदुका उलट्या धरून मानवंदना दिली, बिगूल वाजला. 'पोलीस हवालदार' असंच वाचलं, आणि आईला ते ऐकू आलं. वजन पडलं की नाही हे मला त्या चुलतभावाला विचारायचं आहे.

गावाने काय केलं तर चाललं असतं, हे मला पुष्कळांनी विचारलं. वहिनीच्या मनात काय होतं ते तिला विचारल्यावरच कळलं. ती म्हणाली, हे बंदोबस्ताला गेले की रात्रभर उपाशी असायचे, ओल्या कपड्यांत उभे राहायचे, तेवढं कुणीतरी बघा. आता दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री वाडीतली पोरं माणगावला जातात. श्रीवर्धनचा रस्ता तिथेच हायवेला मिळतो आणि गर्दीही तिथेच तुंबते. ठाण्यात आधी कळवून बंदोबस्तावरच्या पोलिसांना गरम चहा, पोहे, भाकरी-भाजी देतात. एका वर्षी रेनकोट आणि अंधारात चमकणारी जॅकेटं दिली. वहिनी स्वतः भाकऱ्या थापते. मंडळाचे लोक म्हणतात, यात दिसण्यासारखं काही नाही. ज्याला ती भाकरी मिळते त्याला दिसतं.

तुम्ही वर्षश्राद्धाआधी काय करू शकता ते सांगते, कारण आमच्या घरी हे कुणी केलं नाही, वहिनीने एकटीने धावपळ केली. कागदपत्रं बघणारा एक माणूस गावातून त्या बाईंना द्या, ज्याला तालुक्याला जायला वेळ आहे असा. मृत्यू कर्तव्यावर असतानाच झाला हे ठाण्याच्या स्टेशन डायरीत, बंदोबस्ताच्या आदेशात आणि पंचनाम्यात नीट आलंय का हे पाहून घ्या, नक्कल काढून ठेवा. पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर उभी असते: कुटुंबनिवृत्तिवेतन, विमा, अनुकंपा नियुक्ती (घरातल्या एकाला त्यांच्या जागी नोकरी). अनुकंपाच्या अर्जाला मुदत असते, मूल लहान असेल तर त्याचे नियम वेगळे, ते लेखी विचारून घ्या. आणि वाहनाच्या धडकेने गेले असतील तर मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे दावा करायचा असतो. सरकार पैसे देणार म्हणून लोक हा दावा करतच नाहीत. खात्याकडून मिळणारं वेगळं, ट्रकच्या विमा कंपनीकडून मिळणारं वेगळं. 2022 पासून कायद्यात या दाव्याला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. तुमच्याकडे वर्ष होत आलंय, म्हणजे दावा केला नसेल तर आजच वकिलाला गाठा. उशीर झालाय असं गृहीत धरून सोडून देऊ नका, उशिराचं काय करता येईल ते तोच सांगेल.

गावात काही लिहून ठेवायचंच असेल तर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक साधी पाटी लावा. ठराव ग्रामसभेत घ्या. पाटीवर नाव, हुद्दा, बक्कल नंबर (खात्यातला त्यांचा क्रमांक), कुठल्या ठाण्यात नेमणूक होती, कुठे आणि काय करत असताना गेले, एवढं असू दे. देणगीदारांची नावं त्यावर नकोत. 'वीर', 'अमर' वगैरे शब्दांपेक्षा त्या रात्री काय घडलं ते चार ओळींत लिहा. गावातली पोरं ते वाचतील आणि त्यांना कळेल.

आता एक गोष्ट, जी मी आधीच लिहायला हवी होती. मी माझ्या घरचं सांगितलं. तुमच्या हवालदारांच्या पत्नीला कमानच हवी असेल, पुतळाच हवा असेल, तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि जागा कायदेशीर बघून तोच करा. काही घरांना नवऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत दिसलं की आधार वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. त्यांना विचारायला गावातल्या दोन बायकांना पाठवा, पंचवीस पुरुष अंगणात जाऊन बसू नका, नाहीतर त्या 'तुम्ही ठरवाल ते' असंच म्हणतील. आणि त्या 'काहीच नको' म्हणाल्या तर तेही ऐका. वर्षश्राद्धाची तारीख गाठण्याची घाई गावाला असते, त्यांना नसते.