रावेरला केळी वेफर्सचा छोटा धंदा टाकायचा आहे. राज्याचे कर आणि नियम किती आड येतात?

भाऊ, राज्याचा म्हणावा असा थेट कर एकच, व्यवसाय कर. मालकाचा वर्षाला 2,500 रुपये. कामगारांचा पगारातून कापून भरायचा, पण महिलांना महिना 25,000 पर्यंत पगार असेल तर माफ. वेफर्सच्या कामाला बहुतेक बायाच असतात, म्हणून हा भार फारसा जाणवत नाही. मोजके कामगार असतील तर दुकान-आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की झालं. खाण्याचा माल आहे, तेव्हा फूड लायसन्सची नोंदणी मात्र पहिल्या पाकिटाआधीच करा.

खरी मेख जीएसटीत आहे, आणि रावेरकरांना ती जास्त टोचते. मालाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, हे सगळे सांगतात. पण बऱ्हाणपूर कितीही जवळ असलं तरी ते मध्य प्रदेशात. तिथल्या दुकानदाराला माल विकलात की 40 लाखांची सवलत संपली, पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी हवी. कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्या धंद्याला उलाढालीवर ठराविक टक्का जीएसटी भरायची सोय, घेतली तर राज्याबाहेर विकताच येत नाही. जळगाव-भुसावळला हीच योजना सोयीची: दीड कोटीपर्यंत उलाढालीवर 1 टक्का, हिशेबही सोपा. फक्त तेला-पाकिटावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही.

माझं प्रामाणिक मत, पहिलं वर्ष जिल्ह्यातच विका. बऱ्हाणपूरची पक्की ऑर्डर हातात आली की मगच नियमित नोंदणी घ्या. तिथे जाणाऱ्या 50,000 रुपयांच्या वरच्या खेपेला ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीची ऑनलाइन पावतीही लागेल.