रात्रीचं रक्त आणि सुजलेला पाय

प्रश्न : आमच्या गावात (ता. आरमोरी) आरोग्यवाले रात्री दहानंतर बोट टोचून रक्त घेऊन गेले. दिवसा का येत नाहीत? आणि सासूबाईंचा पाय बारा वर्षांपासून सुजलेला आहे, हत्तीरोगाच्या गोळ्यांनी उतरेल का?

उत्तर : ताई, त्यांच्यावर चिडू नका. हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात अन् रात्री बोटाच्या रक्तापर्यंत येतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. नोकरीत मीही बॅटरी घेऊन हिंडलोय. पुढे आशाताई, मागे अख्ख्या टोलीची कुत्री!

डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या रक्तातली ही पिल्लं मारतात, फैलाव थांबवतात. इतकी जुनी सूज मात्र गोळ्यांनी उतरत नाही. तिला रोजची निगा लागते. पाय साबणाने, साध्या पाण्याने धुवा. घासू नका. मग बोटांच्या बेचक्या जुन्या सुती लुगड्याने टिपून कोरड्या करा. तिथेच चिखल्या होतात, चिरेतून जंतू शिरतात आणि थंडी वाजून ताप येतो. त्या प्रत्येक तापागणिक पाय आणखी जाड होतो. बसताना पाय पाटावर. ताप आलाच तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.