ओके, गॅसलायटिंग, गोट: हे शब्द आले कुठून?

प्रश्न: ग्रुपवर मेसेज आलाय की ओके म्हणजे 'झिरो किल्ड', अमेरिकेच्या यादवी युद्धात दिवसभरात कुणी मेलं नाही की तसं लिहून ठेवायचे. खरंय का?

नाही, आणि नुसती सालं बघितली तरी कळतं. ते युद्ध सुरू झालं १८६१ ला आणि ओके छापून आलं २३ मार्च १८३९ ला, बोस्टन मॉर्निंग पोस्ट नावाच्या पेपरात, म्हणजे बावीस वर्षं आधीच. तेव्हा तिथल्या पेपरवाल्यांना एक खूळ लागलं होतं, शब्दाचं स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं आणि मग त्याची पहिली अक्षरं तेवढी छापायची, म्हणजे ऑल राइटचं ओ-डब्ल्यू, नो यूजचं के-वाय आणि ऑल करेक्टचं ओ-के. आपण चॅटवर करतो तेच की हे! बाकीची अक्षरं विरून गेली, ओके तेवढं टिकलं, कारण पुढच्याच वर्षी निवडणूक आली. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन किंडरहूक गावचे, त्यांना ओल्ड किंडरहूक म्हणायचे, मग समर्थकांनी ओके क्लबच काढला. ब्यूरन हरले पण ओके सगळीकडे पोचलं. हा सगळा माग ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुने पेपर चाळून काढला आणि १९६३-६४ मध्ये लेख लिहून मांडला. एका दोन अक्षरी शब्दासाठी एवढी मेहनत, मला तर या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

प्रश्न: मैत्रीण भेटायला आली नाही आणि कारण खोटं सांगितलं. बहीण म्हणते हे गॅसलायटिंग. बरोबर आहे का?

नाही हो, ही साधी थाप झाली. हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या 'गॅस लाइट' नाटकातून आलाय, त्यावरच्या १९४४ च्या सिनेमात इन्ग्रिड बर्गमनने बायकोची भूमिका केली आणि ऑस्कर मिळवलं. नवरा गुपचूप वरच्या मजल्यावर दागिने शोधायला जातो, तिथला गॅसचा दिवा लावतो, त्यामुळे खाली बायकोच्या खोलीतली ज्योत मंद होते. तिला ते डोळ्यांनी दिसतंय, पण तिला वेड लागतंय असंच तो तिच्या मनात भरवत राहतो आणि हळूहळू तिला स्वतःच्याच डोळ्यांचा भरवसा वाटेनासा होतो. गॅसलायटिंग म्हणजे हे, पुन्हा पुन्हा, ठरवून. २०२२ ला मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं, तेव्हापासून तर कुठल्याही भांडणात वापरतात. प्लीज असं करू नका, ज्यांच्यावर खरोखर ही वेळ येते त्यांच्याकडे सांगायला हा एकच शब्द आहे, तो बोथट व्हायला नको.

प्रश्न: आवडत्या खेळाडूला गोट, म्हणजे बोकड, का म्हणतात? की हा पण बनवलेला फुलफॉर्म?

हा मात्र खरा फुलफॉर्म आहे, ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम. मुहम्मद अली स्वतःला द ग्रेटेस्ट म्हणवायचे हे माहीतच असेल, त्यांच्या पत्नी लॉनी यांनी १९९२ मध्ये गोट याच अक्षरांच्या नावाने कंपनी काढली, मग २००० साली रॅपर एलएल कूल जे चा त्याच नावाचा अल्बम आला आणि शब्द पसरला. गंमत म्हणजे अमेरिकन खेळांत गोटचा अर्थ आधी बरोब्बर उलटा होता, ज्याच्या चुकीमुळे मॅच गेली तो गोट, बळीच्या बकऱ्यावरून. त्यामुळे जुन्या मॅचच्या बातमीत गोट दिसलं तर आधी साल बघा.