पाण्याकाठचं घर आणि बोटीचं माप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा-सून फ्लोरिडात केप कोरल इथं कालव्याकाठचं घर घेताहेत. जाहिरातीत 'गल्फ अ‍ॅक्सेस' लिहिलंय. सध्या त्यांची 24 फुटी मोटरबोट आहे, पुढं शिडाची बोट घ्यायचं मनात आहे. आम्ही इथून व्हिडिओ कॉलवर घरं बघतो. स्वयंपाकघर, व्हरांडा सगळं बघून झालं. पाण्याच्या बाजूचं काय विचारायचं? (एक वाचक, लातूर)

उत्तर : मुलाकडून आधी बोटीची चार मापं लिहून घ्या. लांबी, रुंदी, पाण्याखाली बूड किती जातं आणि पाण्यापासून वर उंची किती. शेवटची दोन एजंट सहसा विचारत नाहीत, आणि घर फसतं ते बहुतेक त्यांच्यापायीच.

केप कोरलमध्ये सुमारे 400 मैल कालवे आहेत, पण त्यातले पुष्कळ गोड्या पाण्याचे, बंदिस्त. त्यातून समुद्राकडे वाट नाही. 'गल्फ अ‍ॅक्सेस' म्हणजे वाट आहे, एवढंच. वाटेत किती पूल आहेत, हे त्या दोन शब्दांत येत नाही. आतल्या लहान पुलांखाली भरतीच्या वेळी कितीदा आठ-दहा फुटांचीच मोकळीक उरते. 24 फुटी बोटीला वर छत आणि अँटेना असेल तर तीच आठ-नऊ फूट भरते. त्यातही टाकी रिकामी असली की बोट पाण्यावर थोडी वर उठते, म्हणजे जाताना सुटलेली बोट परतताना अडू शकते. शिडाच्या बोटीचा तर प्रश्नच नाही. तीस-पस्तीस फुटी बोटीची डोलकाठी पाण्यापासून चाळीस-पन्नास फूट उंच असते. पुढं शीड घ्यायचं नक्की असेल तर 'सेलबोट अ‍ॅक्सेस' असलेलं, म्हणजे घरापासून कॅलूसाहाची नदीपर्यंत (तिच्यातूनच पुढं समुद्राला वाट आहे) एकही न उघडणारा पूल नसलेलंच घर बघायचं. ते महाग पडतं. मन डळमळीत असेल तर आमचं मत असं, की आजच्या बोटीपुरतं घर घ्यावं आणि शिडाची बोट वाटली तर मरीनात, म्हणजे बोटी ठेवायच्या बंदरात, भाड्यानं ठेवावी.

आता खोली. मोटर खाली सोडलेल्या 24 फुटी बोटीला अडीच-तीन फूट पाणी लागतं, बुडाखाली खोल कणा असलेल्या शिडाच्या बोटीला चार-पाच. या मापावर किमान एक फूट, जमल्यास दोन फूट जास्त पाणी हवं, आणि तेही ओहोटीला. तिथं भरती-ओहोटीतला फरक थोडाच, फूट-दोन फूट. पण हिवाळ्यात थंडीची लाट आली की उत्तरेचा वारा पाणी नदीबाहेर ढकलतो आणि पातळी नेहमीच्या ओहोटीच्याही खाली जाते. घर ऑगस्टमध्ये बघितलं तर हे दिसणारच नाही. मुलाला सांगा, दोरीला शिसं बांधून फुटाफुटावर गाठी मारायच्या आणि ओहोटीला धक्क्यापाशी, कालव्याच्या मधोमध आणि कालव्याच्या तोंडाशी तळ मोजायचा. तोंडाशी वाळू साठते. रस्त्याच्या पावसाळी पाण्याचा पाइप धक्क्याजवळ उघडत असेल तर तिथंही उंचवटा तयार होतो.

पाण्याकडची भिंत सगळ्यात खर्चिक, म्हणून सावकाश बघा. ही काँक्रीटच्या पट्ट्यांची भिंत मागच्या जमिनीत गाडलेल्या लोखंडी गजांनी ओढून धरलेली असते. गज खाऱ्या पाण्यानं गंजले की भिंतीचा माथा पाण्याकडे कलतो. माथ्याशी डोळा लावून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघितलं की पोट कळतं. हिरवळीत भिंतीलगत खड्डे पडलेले असतील तर सांध्यांतून माती वाहून जातेय. खड्डा नुकताच माती टाकून बुजवला असेल तर जास्तच सावध राहायचं. सप्टेंबर 2022 च्या इयान चक्रीवादळानंतर तिथल्या कित्येक भिंती पडल्या. वादळानं पाणी आत आलं आणि मग झपाट्यानं ओसरलं; मागची भिजलेली माती भिंतीला बाहेर रेटत राहिली आणि समोरून आधार द्यायला पाणी नव्हतं. दुरुस्तीचा परवाना आणि तपासणीचा कागद मागायचा. नुसतं 'भिंत नवी आहे' पुरत नाही.

बोट उचलायची लिफ्ट असेल तर तिची क्षमता बोटीच्या कोऱ्या वजनावर ठरवू नये. समजा मोटरसह बोट 4,500 पौंडांची. 100 गॅलन पेट्रोलचे सुमारे 600 पौंड, सामान-बॅटऱ्यांचे 400, झाले 5,500. वर चौथा हिस्सा जादा धरला की 7,000 पौंडांची लिफ्ट लागते. तारा तुटलेल्या-फुगलेल्या दिसल्या तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा मागायचा.

कालवा अरुंद असेल आणि समोरच्या घराचाही धक्का पुढं आलेला असेल तर बोट वळवणं अवघड. बंद टोकाशी पाणी खेळत नाही, कचरा आणि शेवाळ तिथंच येऊन थांबतं. समुद्रापर्यंतचं अंतरही फसवं असतं. आतल्या कालव्यांत ताशी चार-पाच मैलांनीच जायचं असतं, पुढं मानाटी प्राण्यांसाठी वेगमर्यादेचे पट्टे. पाच मैलांचा कालवा असेल तर खुल्या पाण्यापर्यंतच तास-सव्वा तास मोडतो. सौद्याआधी त्याच बोटीनं, ओहोटीला, घरापासून नदीपर्यंत एकदा जाऊन यावं. घराच्या जोत्याच्या उंचीचा दाखला मात्र त्याआधीच मागावा; पूरविम्याचा हप्ता ठरवताना ती उंचीही धरली जाते.

प्रश्न : नाथसागराच्या फुगवट्याला लागून गंगापूर तालुक्यात प्लॉट दाखवतात. फोटोत पाणी कुंपणाशी आहे. 14 फुटी फायबरची बोट आणि लहान मोटर ठेवायची आहे. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : फोटो कोणत्या महिन्यातला, हे आधी विचारा. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी 463.906 मीटर म्हणजे 1522 फूट, आणि मृतसाठ्याची पातळी त्याहून सुमारे आठ मीटर खाली. काठाचा उतार शंभराला एक असेल तर आठ मीटर पाणी उतरलं की काठ 800 मीटर मागं सरकतो. फुगवट्याकडे बराच भाग याहूनही सपाट आहे. म्हणूनच उन्हाळ्यात तिथं गाळपेराची, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेली पिकं उभी राहतात. 2019 च्या उन्हाळ्यात साठा मृतसाठ्याच्याही खाली गेला होता. उपग्रह नकाशावर त्या मे महिन्याचं जुनं चित्र काढा आणि प्लॉटपासून पाणी किती लांब होतं ते मोजा.

कुंपण आणि पाणी यांच्यातली जमीन बहुधा धरणासाठी संपादित, म्हणजे जलसंपदा विभागाची. तिथं धक्का किंवा उतार बांधता येत नाही. हद्दीचे दगड जागेवर बघा, सातबाऱ्यावरचे इतर हक्क वाचा, बिगरशेती आणि तुकडेबंदीचं तपासा. शिवाय नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. मोटरबोटीसाठी वनविभागाची परवानगी लागते आणि त्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रात बांधकामावर बंधनं आहेत. हे लेखी हातात येईपर्यंत इसार देऊ नका.

परवानगी मिळालीच तर बोट पाण्यात बांधून ठेवू नका, ट्रेलरवर घरी ठेवा. गाळात ट्रेलरचं चाक रुतलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, त्यामुळे भोई बांधव होड्या जिथून उतरवतात त्या मुरुमाच्या जागेची वाट त्यांनाच विचारा. आमच्या मते पाण्याला लागलेल्या प्लॉटपेक्षा त्या जागेपर्यंत पक्का रस्ता असलेला, थोडा उंचावरचा प्लॉट बरा. पाणी उतरलं की बाभळीची बुडालेली खोडं पंख्याला लागतात, जलपर्णी आणि जाळी गुंडाळतात. जादा शिअर पिन (पंखा आपटला की आधी तुटून मोटर वाचवणारी खीळ), पाना, चाकू आणि वल्ही कायम बोटीत ठेवा. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतरचं वादळवारं उथळ पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठवतं. उघड्या 14 फुटी बोटीनं दुपारी बारापूर्वी काठाला यावं, लाइफ जॅकेट अंगात घालूनच.

प्रश्न : परभणीकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्यालगत घर बांधतोय. कालव्यात छोटी होडी चालेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : नाही. हा 208 किलोमीटरचा कालवा सिंचनाचा आहे. आवर्तन असेल, म्हणजे पाणी सोडलेलं असेल, तेव्हा पाण्याला ओढ असते, मध्ये दारं आणि बोगदेवजा मोऱ्या आहेत, आणि तिरक्या अस्तरावरून शेवाळामुळे वर चढता येत नाही. आवर्तन नसेल तेव्हा कालवा कोरडा. घराचं मात्र बघा : पाझरामुळे काळी माती फुगते आणि पाया हलतो. पाया खोदण्याआधी आवर्तन चालू असताना जवळच्या विहिरीची पातळी मोजून ठेवा आणि आवर्तन संपल्यावर पुन्हा मोजा.