विचारा बिनधास्त : लोकपालवाले येऊन गेले, पुढे काय?

प्रश्न : आमच्या महिला मंडळात मागे रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल ऑफिसचा, म्हणजे बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या ऑफिसचा, जागरूकता कार्यक्रम झाला. भोपाळहून साहेब आले होते, स्लाइड दाखवल्या, ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका, पुस्तिका वाटल्या, मग पोहे झाले. माझे सासरे बँकेत एफडी करायला गेले होते आणि त्यांच्या गळ्यात विम्याची पॉलिसी पडलीय, दर वर्षी हप्ता भरायची. मला तेच विचारायचं होतं पण पहिल्याच रांगेत त्या ब्रँचचे मॅनेजर बसलेले, मग गप्प बसले. आता काय करू? आणि अशा कार्यक्रमांचा खरंच काही उपयोग असतो का हो?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांचं बघू, कारण तिथे तारखेचा खेळ आहे. पॉलिसीचा कागद हातात कधी आला ते शोधा, कुरिअरचं पाकीट ठेवलं असेल तर त्यावर, नाहीतर ईमेलमधे. त्या दिवसापासून 30 दिवसांच्या आत असाल तर कुठल्याही लोकपालाकडे जायची गरजच नाही. याला फ्री लुक म्हणतात, पॉलिसी परत करतो म्हणून विमा कंपनीला लेखी द्यायचं, स्टँप ड्यूटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. कंपनीला म्हणतेय मी, ब्रँचमधल्या त्या गोड बोलणाऱ्या मुलाला नाही! तो "सर्व्हर डाऊन है काकाजी, अगले हफ्ते आना" म्हणणार आणि असे हफ्ते करता करता महिना निघून जाणार.

महिना उलटला असेल तरी हातपाय गाळू नका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा की एफडी म्हणून सांगितलं आणि पॉलिसी दिली, त्याची एक कॉपी बँकेलाही द्या. सासऱ्यांचं वय, पेन्शन किती आणि हप्ता किती हे जरूर लिहा, पेन्शनीत न परवडणारा हप्ता कुणी समजून उमजून घेत नाही हे वाचणाऱ्याला आपोआप दिसतं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. हे वेगळे हं, रिझर्व्ह बँकेचे नाहीत, पण यांचंही ऑफिस भोपाळलाच आहे, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दोन्ही तेच बघतात. फी नाही, वकील नाही. कंपनीनं नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं, एवढं सांभाळा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. उपयोग असतो, पण अर्धाच, असं माझं मत. ओटीपी देऊ नका हे सांगायलाच हवं, त्यात वाद नाही. पण दोन तास फक्त सावध राहा सावध राहा ऐकून बाई घरी जाते ती हेच डोक्यात घेऊन, की पैसे गेले तर चूक आपलीच. चूक बँकेची असेल तर काय करायचं हे शेवटच्या स्लाइडवर, आणि तोवर पोह्यांचा वास सुटलेला असतो.

खरं शिकवायला हवं ते अगदी साधं आहे. 2021 च्या 12 नोव्हेंबरला बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) आणि डिजिटल पेमेंट यांच्या रिझर्व्ह बँकेच्या तीन वेगवेगळ्या लोकपाल योजना एकत्र झाल्या, त्यामुळे कुठल्या लोकपालाकडे जायचं हे शोधत बसावं लागत नाही, तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर टाका नाहीतर कागदावर लिहून त्यांच्या चंदीगडच्या केंद्राला पाठवा, आणि काही अडलं तर त्यांच्या 14448 या हेल्पलाइनला फोन करा. पण आधी बँकेला लेखी तक्रार आणि 30 दिवसांची वाट, ही पायरी गाळली की तक्रार आत जातच नाही, दारातूनच परत. कितीतरी जण इथेच अडकतात, तोंडी सांगितलं होतं, मॅनेजर हो म्हणाले होते, पण हातात कागद कुठेय? कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्या, किंवा ऑनलाइन तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

म्हणून पुढच्या वेळी, गणपतीत बोलवलंत तर फारच छान, गर्दी आयतीच असते, साहेबांना आधीच सांगा की भाषण अर्धा तास आणि उरलेल्या वेळात एक तक्रार सगळ्यांसमोर भरून दाखवा. आणि बँकेच्या लोकांना चहाला बोलवा, प्रश्नांच्या वेळी नको. नाहीच जमलं तर प्रश्न चिठ्ठीवर घ्या, बिननावाच्या. मग बघा बायका काय काय विचारतात ते.

प्रश्न : आमची ठेव एका पतसंस्थेत अडकलीय. लोकपालाकडे जाता येईल का?
– एक निवृत्त शिक्षक, सुदामा नगर

उत्तर : नाही काका, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल ते घेणार नाही. ठेवींवरचा 5 लाखांचा विमासुद्धा बँकांनाच, पतसंस्थेला नाही. तुम्हाला सहकारिता विभागात पंजीयकांच्या (रजिस्ट्रारच्या) ऑफिसमधे जावं लागेल, संस्था मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी, असेल तर दिल्लीच्या सेंट्रल रजिस्ट्रारकडे. आधी ठेव पावती बघा, नोंदणी कुठली आहे ते त्यावरच असतं बहुतेक.

प्रश्न : मुलानं ओटीपी दिला आणि पैसे गेले. आता बँक हात वर करतेय. एफआयआर केली म्हणून लोकपाल तक्रार घेणार नाही असं कुणी म्हणालं, खरं का?
– एक आई, राजेंद्र नगर

उत्तर : खोटं. पोलिसात तक्रार असली तरी लोकपालाकडे जाता येतं, कोर्टात किंवा ग्राहक आयोगात तीच केस चालू असेल तर मात्र नाही. ओटीपी दिल्यामुळे बाजू कमजोर आहे हे मान्य करावं लागेल, पण रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या सर्क्युलरप्रमाणे बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या अंगावर. म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कधी केला आणि बँकेला कधी कळवलं त्या वेळा स्टेटमेंटशी ताडून बघा, त्यानंतरची एक जरी एंट्री सापडली तर तेवढ्या रकमेसाठी नक्की भांडा.