फॅटी लिव्हर आणि प्रतिकारशक्ती

प्रश्न : माझ्या वडिलांच्या सोनोग्राफीत यकृतात चरबी आढळली. ते मद्य घेत नाहीत. या आजारात शरीराच्या प्रतिकारपेशीच यकृताला इजा करतात, असे वाचनात आले. मग प्रतिकारशक्ती वाढवणारी औषधे त्यांनी घ्यावीत की टाळावीत?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, पण अर्धेच. यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत कुप्फर पेशी नावाच्या प्रतिकारपेशी कायम मुक्कामाला असतात आणि आतड्यांकडून येणाऱ्या रक्तातले जिवाणू व मृत पेशींचे अवशेष गिळून टाकणे, हे त्यांचे नित्याचे काम असते. यकृतपेशी चरबीने फुगून मरू लागल्या की त्या धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. दीर्घकाळ या ताणाखाली राहिलेल्या कुप्फर पेशींपैकी अनेक स्वतःही मरतात आणि त्यांची जागा रक्तातून आलेल्या मोनोसाइट पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) घेतात. या नवागतांपैकी बऱ्याच अधिक दाहकारक असतात. मरणाऱ्या एखाद्या यकृतपेशीभोवती त्यांनी धरलेले कडे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. त्यांच्या संदेशांमुळे शेजारच्या तारकापेशी जाग्या होऊन कोलॅजन या प्रथिनाचे धागे विणू लागतात, त्यांचा व्रण (वण) तयार होतो, आणि यकृत हळूहळू कडक होते. (शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल फॉन कुप्फर यांनी 1876 मध्ये पाहिलेल्या पेशी बहुधा या तारकापेशीच होत्या, त्यांचे नाव मात्र दुसऱ्याच पेशींना चिकटले.)

तथापि चरबीचा मारा थांबला, की मोनोसाइटांच्याच कुळातल्या काही पेशी कोलॅजन विरघळवणारी विकरे स्रवून व्रण साफ करतात. म्हणूनच त्यांना सरसकट रोखून भागत नाही. मोनोसाइट पेशींची यकृताकडे येणारी वाटच अडवणारे सेनिक्रिव्हिरॉक हे औषध तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत निष्प्रभ ठरले.

तेव्हा प्रतिकारशक्ती ‘वाढवण्याची’ औषधे वडिलांना देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे उणीव प्रतिकाराची नाही. दाह चेतवणारी चरबी कमी करायची आहे. वजन जास्त असल्यास ते 7 ते 10 टक्क्यांनी घटवल्यावर अनेकांत दाहही ओसरतो. सोनोग्राफीवरून व्रण किती झाला आहे, हे नीट कळत नाही. त्यासाठी वय, प्लेटलेट आणि यकृताची दोन विकरे यांवरून काढला जाणारा फिब-4 हा आकडा आपल्या डॉक्टरांकडून काढून घ्यावा, आणि तो जास्त आल्यास फायब्रोस्कॅन ही यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी करावी.